मिग्दालियाबाईंचा जकातनाका

क्युबाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या हिबारा गावात कुठलीही वस्तू आपल्या हक्काच्या डब्यात राहत नाही. बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा असतो, आइस्क्रीमच्या डब्यात काळा घेवडा असतो, रमच्या बाटलीत व्हिनेगर असतं आणि घरात बाटलीवर डोळा ठेवणारा मेहुणा असेल तर व्हिनेगरच्या बाटलीत रम असते. रेशनच्या पाकिटावर ‘कॉफी’ असं ठसठशीत छापलेलं असतं आणि आत निम्मे भाजलेले वाटाणे निघतात. त्यामुळे डब्यावर काय लिहिलंय ते वाचत बसायची आमच्याकडे पद्धतच नाही. झाकण उघडावं, नाक आत घालावं आणि मग काय ते बोलावं.

मिग्दालिया पूपो या बाईंनी आयुष्यात केलं काय, तर गावाची ही सवय उचलून कॉम्प्युटरला लावली. पण त्यानंतर त्यांचा रुबाब असा, की नाक ही वस्तूच जणू त्यांनी शोधून काढली.

बाई पोरांच्या कॉम्प्युटर क्लबात शिकवायच्या. आज गावात ज्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळतं ते सगळे त्यांच्याकडे शिकले आणि ज्यांना कळत नाही तेही त्यांच्याकडेच शिकले. आवाज बंदरातल्या भोंग्यासारखा. त्या अंगणात कोंबड्यांवर ओरडल्या की धक्क्यावरचे कोळी होड्या बांधायला धावत. निवृत्त झाल्या तेव्हा क्लबानं त्यांना एक मानपत्र आणि एक मोडीत निघालेला कॉम्प्युटर दिला. मानपत्रानं खुराड्याची फट छान बुजली. कॉम्प्युटर ओसरीवर खिडकीशी बसला. त्याचा पंखा सुरू झाला की कोणी तरी नारळ खवतंय असं वाटे, आणि त्याच्या मागच्या उबेला कोंबड्या अंडी घालत. “माझं यंत्र दोन्ही बाजूंनी उत्पादन देतं,” असं बाई अभिमानानं सांगत.

बाईंना दोन नवरे झाले. पहिल्याच्या नावामागे ‘इंजिनिअर’ लावलेलं होतं. “उघडून बघितला तर आत रिकामा,” इति बाई. दुसऱ्याच्या नावामागे काहीच नव्हतं, पण तो बोलायला लागला की थांबत नसे. दोघेही यथावकाश आपापल्या वाटेनं गेले आणि घरात माणूस म्हणावा असा तो कॉम्प्युटरच उरला.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगितली पाहिजे. फोनवर इंटरनेट हा प्रकार तेव्हा आमच्याकडे नव्हता. दर आठवड्याला हवानाहून बसनं एक डिस्क यायची. तिच्यात जगातल्या सगळ्या मालिका, सिनेमे, गाणी आणि फुटबॉल भरलेलं असे. ती डिस्क ओस्मेलकडे यायची. ओस्मेल हा गल्लीतला कॉपीवाला. माणूस गोल, घामट आणि मनानं लोण्याचा गोळा. आपण आपली डिस्क घेऊन जायची आणि म्हणायचं, “भर.” मग आपली डिस्क मेहुणीकडे जाते, मेहुणीकडून शेजारणीकडे, आणि परत येते तेव्हा तिच्यात शेजारणीच्या डुकरिणीच्या बाळंतपणाचा व्हिडिओ असतो. थोडक्यात, गल्लीत कुणाचीच डिस्क एकट्याची नाही.

मग खासगी गोष्टी ठेवायच्या कुठे? यावर गल्लीनं एक तोडगा काढला होता. फाइलीच्या नावाचं शेपूट, म्हणजे टिंबापुढची अक्षरं, बदलायचं. फोटोला कॉम्प्युटरच्या पोटातल्या कुठल्या तरी कंटाळवाण्या फाइलीचं शेपूट लावून द्यायचं, म्हणजे कोणी उघडून बघत नाही. हा तोडगा प्रत्येकाला स्वतःलाच सुचला आहे, अशी प्रत्येकाची खात्री होती. लपवाछपवीच्या बाबतीत आमची गल्ली फार एकजुटीची. सगळे एकाच जागी लपवतात.

अडचण अशी व्हायची की लपवणाऱ्याला काही महिन्यांनी स्वतःलाच आठवत नसे की काय कशात लपवलंय. मग डिस्क बगलेत मारून तो बाईंच्या ओसरीवर येई. तेवढ्यासाठीच बाईंनी पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत पानभर प्रोग्राम लिहून ठेवला होता. त्याचं नाव जकातनाका.

“नाव विचारायचंच नाही,” बाई आलेल्याला खुर्चीत बसवून ऐकवत. “नाव काय, कोणीही काहीही लावतं. आ करायला सांगायचं! फाइलीचे पहिले काही बाइट म्हणजे तिचं तोंड. पीडीएफ बिचारी इतकी भोळी, की तोंड उघडल्या उघडल्या आपलं नाव सांगून मोकळी होते. झिपच्या तोंडात पी आणि के ही दोन अक्षरं. फोटोचा पहिला आकडा दोनशे पंचावन्न, दुसरा दोनशे सोळा. व्हिडिओ जरा लाजाळू. तो चार बाइट कुजबुजतो आणि मग मोठ्यानं ‘एफटीवायपी’ म्हणतो. साधा मजकूर मात्र माझ्या दुसऱ्या नवऱ्यासारखा. त्याला सुरुवात अशी नसतेच, कुठूनही चालू होतो.”

जकातनाका डिस्कवरच्या एकेका फाइलीला थांबवी, तिचं तोंड बघे आणि फोटो फोटोंच्या खोलीत, गाणी गाण्यांच्या खोलीत, सिनेमे सिनेमांच्या खोलीत पाठवून देई. एकदा सहकारी संस्थेच्या अध्यक्षांनी वार्षिक भाषणाची फाइल आणली होती. बाई म्हणाल्या, “हे भाषण नाही, गाणं आहे.” अध्यक्ष म्हणाले, “मी स्वतः लिहिलंय.” बाईंनी खांदे उडवले. सभेत अध्यक्षांनी चष्मा लावून फाइल उघडायला सांगितली आणि कर्ण्यातून कंबर हलवायचं गाणं सुरू झालं. सभा त्या वर्षी फार रंगली. तेव्हापासून बाईंचा शब्द गावात अखेरचा झाला, आणि गावापेक्षाही जास्त तो बाईंना स्वतःला अखेरचा वाटू लागला.

अशा वेळी यामिर्काची भानगड उपटली.

यामिर्का बाईंच्या समोरच राहायची. गल्लीतल्या बायकांची नखं रंगवायची. नवरा दागोबेर्तो मालवाहू जहाजावर आचारी. मुलगी लेयानिस पंधरा वर्षांची होणार होती. मुलीला पंधरा वर्षं पूर्ण झाली की आमच्याकडे आईबाप कर्ज काढतील, पण झगा, केक आणि वॉल्ट्झचा जोडीनाच यात काटकसर करणार नाहीत. त्यातही पहिला वॉल्ट्झ बापाबरोबर. आणि बाप तर पार्टीच्या शनिवारी आफ्रिकेच्या कुठल्या तरी टोकाला भात शिजवत असणार.

पण दागोबेर्तोनं वचन दिलं होतं. जहाजाच्या डेकवर उभं राहून तो आपल्या वाट्याचा वॉल्ट्झ एकटाच नाचणार, त्याचं चित्रीकरण करून पाठवणार, आणि शनिवारी अंगणात पडदा म्हणून टांगलेल्या चादरीवर तो दिसू लागला की लेयानिस त्याच्यासमोर आपल्या वाट्याचा नाचणार.

यामिर्कानं कल्पना ऐकून डोळे पुसले आणि लगेच कपाळाला आठ्याही घातल्या. कारण दागोबेर्तोच्या वचनांचा तिला जुना अनुभव होता. फ्रिज पाठवतो म्हणाला होता तेव्हा फ्रिजच्या दाराला चिकटवायचं कलिंगडाचं लोहचुंबक आलं होतं. “या खेपेला जर त्यानं पोरीला फसवलं,” ती माझ्या बायकोची नखं घासता घासता म्हणाली, “तर परत आल्यावर त्याची ट्रंक मी धक्क्यावरच ठेवीन. माझं काय, मी कलिंगडावर भागवलं. पोरीचं कलिंगड होऊ देणार नाही.” माझ्या बायकोचं एक नख त्या दिवशी जरा जास्तच घासलं गेलं.

दागोबेर्तोच्याच जहाजावरचा एक खलाशी सुटीवर आला आणि मोज्यात गुंडाळलेली डिस्क देऊन गेला. मागोमाग कुठल्याशा बंदरातून दागोबेर्तोचा फोन. आजूबाजूला भोंगे, माणसं, मांजरं. तो ओरडत होता, “त्यात आहे! पोरीनं आधी बघू नये म्हणून लपवलंय! त्या दिवशी बाईंकडे जा, त्यांना बरोबर कळेल!” आणि फोन तुटला. जहाज निघालं. आता पार्टी होऊन आठवडा उलटेपर्यंत तरी त्याचा आवाज ऐकू येणार नव्हता.

इथवर सगळं ठीक होतं. पण त्या डिस्कमध्ये मोकळी जागा बरीच होती, आणि मोकळी जागा दिसली की आमच्या माणसांना चैन पडत नाही. यामिर्कानं विचार केला, बाईंकडे जायला वेळ आहे, तोवर मालिकेचे राहिलेले भाग भरून घेऊ. डिस्क मेहुणी, शेजारीण असं करत, त्यांचा माल पोटात घेत ओस्मेलकडे गेली. ओस्मेलनं भरायला घेतली. नायिकेची स्मृती परत येणार असा भाग निम्मा उतरला असेल-नसेल, आणि गल्लीची वीज गेली.

वीज आली तेव्हा ओस्मेलच्या कॉम्प्युटरनं कोणी न सांगता डिस्कची दुरुस्ती करून ठेवली होती. म्हणजे डिस्कवर जे जे होतं ते सगळं एका फोल्डरमध्ये ओतून, जुनी नावं पुसून, प्रत्येकाला नुसता एक नंबर आणि सगळ्यांना एकच शेपूट. फोटो, गाणी, मालिका, पाककृती, डुकरीण, सगळे कैद्यांसारखे ओळीत उभे.

ओस्मेल ती डिस्क दोन्ही हातांवर, मेलेला पक्षी धरावा तशी धरून बाईंच्या ओसरीवर आला. मागून यामिर्का, तिच्या मागून बाकीची गल्ली. मी कॉफी प्यायला आधीच तिथे बसलो होतो.

“बाई, मी काही केलं नाही,” ओस्मेल म्हणाला.

“तू कधीच काही करत नाहीस, ओस्म्या. वर्गातही हेच म्हणायचास. आण इकडे.”

“वॉल्ट्झ आहे त्यात,” यामिर्का म्हणाली. “त्यानं लपवलाय म्हणे. आणि आता तर नावंही गेली.”

बाई हसल्या. “पोरी, नावं गेली तर बरंच झालं. नाही तरी मी नावं कुठे वाचते? आणि लपवलाय म्हणजे काय, या गल्लीत लपवायची एकच तऱ्हा आहे. शेपूट बदललं असेल. शेपूट कापून टाक नाही तर मोराचं लाव, तोंड तर व्हिडिओचंच राहणार. बसा सगळे. मला या कोंबडीला जरा बाजूला करू दे.”

जकातनाका सुरू झाला. पडद्यावर ओळी पळू लागल्या. फोटो, फोटो, गाणं, व्हिडिओ, पीडीएफ, फोटो. बाई प्रत्येक ओळीला मान डोलवत होत्या, जशी काही स्वतःच्या लग्नाची वरात चालली आहे. जराशानं सगळा माल आपापल्या खोल्यांत जाऊन पडला. एकही फाइल दारात उभी राहिली नाही.

“बघितलंत?” बाई म्हणाल्या. “आता व्हिडिओंच्या खोलीत जायचं आणि वॉल्ट्झ हाताला धरून बाहेर आणायचा.”

आम्ही व्हिडिओ एकेक करून बघितले. मालिका निघाली, तिचे मागचे भाग निघाले, कार्निव्हल निघाला, डुकरीण निघाली (टाळ्या पडल्या, सहा पिल्लं!), कोणाच्या तरी आजीची दाढ काढतानाचा एक व्हिडिओ निघाला. दागोबेर्तो निघाला नाही. बाईंनी जकातनाका पुन्हा चालवला. पुन्हा तेच. मग त्यांनी फोटोंच्या खोलीत डोकावून बघितलं. जहाजावरून आलेला एकच फोटो होता. डेकवर ठेवलेलं एक मोठं पातेलं, वर झाकण.

“पातेलं!” यामिर्का म्हणाली. “पातेल्याचा फोटो काढायला वेळ मिळाला!”

“छान चकचकीत घासलंय,” ओस्मेल तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला.

“भावजी, तुम्ही गप्प बसा.”

बाईंनी चष्मा काढला. निकाल देताना त्या नेहमी चष्मा काढतात. “यामिर्का, माझा जकातनाका चुकत नाही. या डिस्कवर वॉल्ट्झ नाही. तुझा नवरा वॉल्ट्झ टाकायचा विसरला, किंवा नाचलाच नाही.”

यामिर्का रडली नाही. रडली असती तर आम्ही सगळे धावलो असतो, आम्हाला त्याचा सराव आहे. ती नुसती उठली, झग्याला लागलेलं कोंबडीचं पीस काढलं आणि म्हणाली, “ट्रंक माळ्यावर आहे. कोणी तरी काढून द्या.” मग ओस्मेलकडे वळली. “भावजी, तुम्ही पोरीचे धर्मपिता आहात. बापाच्या जागी तुम्हीच. शनिवारी वॉल्ट्झ तुम्ही नाचायचा.”

ओस्मेलचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाप्तिस्म्याच्या वेळी लेयानिसला हातात धरताना तो इतका थरथरला होता की पाद्रीबाबांनी पाणी मुलीच्या आधी त्याच्यावरच शिंपडलं होतं. “वहिनी,” तो म्हणाला, “मी केक आणतो. दोन आणतो. बर्फ आणतो. कर्णे लावतो.”

“नाचायचं,” वहिनी म्हणाली.

तालीम शुक्रवारी सकाळी यामिर्काच्या अंगणात झाली. लेयानिसला कारण सांगितलं नव्हतं. बाबांचा व्हिडिओ हे तिच्यासाठी गुपितच होतं, त्यामुळे ओस्मेलकाकाच आपल्याबरोबर नाचणार असं ती पहिल्यापासून धरून चालली होती आणि तिनं ते शांतपणे सोसलं होतं. एक-दोन-तीन म्हटलं की ओस्मेलचा पाय दोनलाच तीनवर जाई, आणि बहुतेक वेळा तो तीन म्हणजे लेयानिसचा पाय असे.

“काका, तुम्ही मला ढकलताय की ओढताय?”

“मला कळलं असतं तर सांगितलं असतं, बाळा.”

“मग मीच तुम्हाला नेते. तुम्ही फक्त डोळे मिटा.”

डोळे मिटल्यावर तो कपड्यांच्या दोरीत अडकला.

अर्ध्या तालमीतून पाणी प्यायच्या निमित्तानं तो सटकला आणि घाम पुसत थेट बाईंच्या ओसरीवर. “बाई, परत बघू.”

“काय बघायचं? जकातनाक्यानं सांगितलंय, मी सांगितलंय.”

“तुम्ही दोघं एकच आहात. मला माझ्या पद्धतीनं बघू द्या.”

“तुझी पद्धत?” बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की धक्क्यावर कोणी तरी होडी बांधली. “तुझी पद्धत काय रे, ओस्म्या?”

“बाई, मी कॉपीवाला. मी फाइलीचं नाव बघत नाही आणि तोंडही बघत नाही. मी बघतो ती किती जागा खाते. माणसं माझ्याकडे येतात, म्हणतात एवढ्यात काय काय बसेल सांग. फोटो किती खातो, गाणं किती खातं, मालिकेचा भाग किती खातो, हे मला झोपेत विचारा. जास्त खाणारा वर, कमी खाणारा खाली, अशी रांग लावतो आणि वरून बघत येतो. बस.”

“म्हणजे तू फाइली वजनावर विकतोस. बटाट्यासारख्या.”

“हो. आणि बटाट्यात आजवर मी फसलो नाही.”

बाईंनी खुर्ची सरकवून दिली, पण ती मेहेरबानी म्हणून. ओस्मेलनं सगळ्या खोल्या एकत्र करून वजनाप्रमाणे रांग लावली. वरती मालिका. मग सिनेमे. मग कार्निव्हल. मग तो थांबला. पुढे वाकला. खुर्ची कुरकुरली.

“बाई, हे पातेलं इथे काय करतंय?”

“कुठे?”

“इथे. कार्निव्हलच्या खाली, डुकरिणीच्या वर.” त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “डुकरिणीला सहा पिल्लं आहेत. हलणारी, ओरडणारी. आणि एक पातेलं, न हलणारं, झाकण लावलेलं, तिच्यापेक्षा जास्त खातं? एवढं काय शिजवलंय यात?”

बाई काही तरी झणझणीत बोलायच्या तयारीत होत्या. तोंड उघडलंही. पण त्यातून काही आलं नाही. बाईंच्या तोंडात पहिले काही बाइट सापडले नाहीत असा तो प्रसंग मी तरी एकदाच पाहिला. मग त्या हळूच म्हणाल्या, “आई गं. हे तर मीच शिकवलंय.”

झालं होतं ते असं. क्लबात पोरं कंटाळली की बाई त्यांना जादू दाखवायच्या. एक फोटो घ्यायचा, त्याच्या मागे दुसरी फाइल चिकटवायची, दोन्ही मिळून एकच फाइल. फोटो दाखवणारा प्रोग्राम सुरुवातीपासून वाचत जातो, दोनशे पंचावन्न आणि दोनशे सतरा हे दोन आकडे जोडीनं आले की फोटो संपला म्हणतो आणि उठून घरी जातो. मागे कोण दबा धरून बसलंय ते तो बघत नाही. ही जादू बघून पहिल्या बाकावरचा एक सडपातळ पोरगा आठवडाभर वेडा झाला होता. डबा-पातेल्यांची त्याला तेव्हापासून आवड. तो दागोबेर्तो.

“त्यांना बरोबर कळेल, म्हणाला होता ना,” ओस्मेल अगदी साळसूदपणे म्हणाला.

“गप. बाजूला हो. कोंबडी धर.”

बाईंनी नवीन ओळी लिहिल्या. बोटं अशी चालली होती की पंख्याचा खवण्याचा आवाज कमी पडला. पातेल्याच्या फोटोचं तोंड सोडून पुढे जायचं, फोटो जिथे संपतो ते आकडे शोधायचे, आणि त्यापुढे आणखी एखादं तोंड आहे का बघायचं. जुनं यंत्र धापा टाकू लागलं. आणि मग पडद्यावर, फोटो संपल्यानंतर चारच बाइट सोडून, ती चार लाजाळू अक्षरं उमटली. बाईंनी फोटो संपला तिथून कापून पुढचा भाग वेगळा ठेवला आणि उघडला.

डेक. वारा. तेच पातेलं, आता बाजूला सारलेलं. पांढरा अॅप्रन काढून इस्त्रीचा शर्ट घातलेला दागोबेर्तो कॅमेऱ्याला वाकून नमस्कार करत होता.

“यामिर्काला बोलव,” बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “थांब. मी जाते.”

बाई स्वतः उठून कोणाच्या दारात जातात हे गल्लीनं पाहिलं नव्हतं. बाई रस्ता ओलांडून गेल्या. यामिर्का पायरीवर बसून स्वतःचीच नखं रंगवत होती, शेजारी माळ्यावरून काढलेली ट्रंक.

“पोरी, ती ट्रंक वर ठेव,” बाई म्हणाल्या. “तुझा नवरा नाचलाय. मी चुकीचं सांगितलं.”

यामिर्कानं वर बघितलं. “कुठे होता?”

“पातेल्यात.”

आमच्या गावात या उत्तराचं कोणाला नवल वाटत नाही. यामिर्का ओल्या नखांनीच धावत सुटली. तिनं ते चित्रीकरण एक हात तोंडावर आणि एक पडद्यावर धरून बघितलं. दुसऱ्या दिवशी बाईंच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पाच गुलाबी ठिपके होते, ते त्यांनी अजून पुसलेले नाहीत.

शनिवारी अंगणात सगळी गल्ली. केक ओस्मेलनं दोन आणले, नाचातून सुटल्याच्या आनंदात. विजेचा भरवसा नको म्हणून एका मेहुण्याच्या ट्रकची बॅटरी काढून आणली होती. माझ्या घरातली चादर दोरीवर ताणली. लेयानिस निळ्या झग्यात अंगणाच्या मधोमध उभी राहिली, डोळे मिटून, ओस्मेलकाकाच्या पायाची वाट बघत. संगीत सुरू झालं, पाय काही आला नाही. तिनं डोळे उघडले. समोर चादरीवर बाप, दोन्ही हात पुढे केलेले, हातांत फक्त समुद्रावरचा वारा.

ती अशी किंचाळली की लाउडस्पीकर फिका पडला. मग तिनं हात उचलले आणि नाचली. दागोबेर्तो कुठल्याच तालात नव्हता. जहाज डुलत होतं तसा तोही डुलत होता, एकदा तर पातेल्यावरच आदळला. पण पोरीला ओस्मेलबरोबरच्या तालमीचा अनुभव होता. अशा माणसाला कसं न्यायचं ते तिला बरोबर कळलं होतं. चादर वाऱ्यानं हलली की तो तिच्या खांद्यापर्यंत येई.

संगीत संपलं. टाळ्या सुरू झाल्या, पण दागोबेर्तो अजून चादरीवर होता. धापा टाकत तो कॅमेऱ्याच्या जवळ आला. त्यानं लेकीला काय ते सांगितलं, बायकोला काय ते सांगितलं, ते त्यांचं त्यांना. आणि मग भल्यामोठ्या चेहऱ्यानं हसून म्हणाला, “आणि मिग्दालियाबाई! तुम्ही शिकवलेल्या जादूनंच लपवला बरं का! तुम्हाला तर बघताक्षणी सापडला असेल!”

सगळं अंगण बाईंकडे वळलं. ओस्मेलच्या तोंडात केक होता. तो गिळून बोलायची घाई करू लागला. बाईंनी शांतपणे ताटातलं एक तळलेलं क्रोकेट उचलून त्याच्या तोंडात कोंबलं.

“सापडायचं काय त्यात?” बाई भोंग्याच्या आवाजात म्हणाल्या. “माझ्या विद्यार्थ्यानं लपवला, माझ्या विद्यार्थ्यानं शोधला. मी मधे कशाला लागतेय?”

ओस्मेल चावायचा थांबला. एवढ्या वर्षांत बाईंनी त्याला आपला विद्यार्थी म्हटलं नव्हतं. जकातनाक्यात आता तोंड तपासल्यावर प्रत्येक फाइलीला दुसऱ्या एका खिडकीपाशी उभं राहावं लागतं. चेहरा एक आणि खाणं भलतंच असेल तर तिथे तिची झडती होते. त्या खिडकीचं नाव बाईंनी ‘ओस्मेल’ ठेवलंय. ओस्मेल ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो आणि त्याच्या खाण्यावरून कोणी काही बोललं तर रागावतो.

त्या संध्याकाळी तो क्रोकेट संपवून उठला आणि व्हिडिओ बंद करायला गेला. तेवढ्यात यामिर्कानं त्याचा हात धरला. चपला काढून तिनं भिंतीशी ठेवल्या होत्या.

“बंद करू नका, भावजी,” ती म्हणाली. “परत सुरुवातीपासून लावा. या खेपेला माझी पाळी.”